दोन हातांत दोन शस्त्रे: दर चकमकीत होणारा घोळ आणि त्याचा उलगडा

चकमक सुरू होते, दोन आखूड तलवारी घेतलेला खेळाडू पहिला वार करतो, वीस बाजूंचा फासा पुन्हा उचलतो, आणि तेवढ्यात समोरून कोणीतरी विचारते की हा दुसरा वार नेमका कोणत्या हिशेबात बसतो. एक जण म्हणतो की तो फुकट आहे, दुसरा म्हणतो की फाशातून दोन वजा करायला हवेत, तिसऱ्याच्या मते अशा वाराला कोणतीच भर मिळत नाही, आणि पुढची पंधरा मिनिटे बिचारे गॉब्लिन निमूटपणे उभे राहतात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळाची पाचवी आवृत्ती खेळणाऱ्या बऱ्याच गटांना हे दृश्य ओळखीचे असेल.

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही सहा जण महिन्यातून दोन रविवारी खेळायला बसतो आणि डीएमची, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या आणि नियमांचा निवाडा करणाऱ्या सूत्रधाराची, जबाबदारी माझ्याकडे असते. आमच्यापैकी एक जण कराडहून येतो व त्याला संध्याकाळची एसटी गाठायची असते, त्यामुळे नियमांच्या वादात गेलेला प्रत्येक पाव तास थेट मोहिमेतून वजा होतो. हा एकच वाद इतक्या वेळा झाला की मी शेवटी एका वहीत प्रत्येक वेळचा प्रश्न टिपून ठेवू लागलो. काही महिन्यांनी ती वही सलग वाचली तेव्हा ध्यानात आले की प्रश्न वरवर निरनिराळे दिसत असले, कधी शस्त्राच्या प्रकारावरून, कधी मॉडिफायरवरून (पात्राच्या क्षमतेमुळे फाशात मिळवायच्या आकड्यावरून), तर कधी शस्त्र म्यानातून काढण्यावरून उपस्थित झालेले असले, तरी जवळपास प्रत्येक वेळी आम्ही एक गोष्ट विचारायची विसरलो होतो. ती गोष्ट म्हणजे या दुसऱ्या वाराची किंमत पाळीतल्या कोणत्या खात्यातून भरली जात आहे.

आधी मी केलेला चुकीचा उपाय सांगतो, कारण तोच उपाय अनेक डीएमना सुचतो. सततच्या वादाला कंटाळून मी जाहीर केले की ज्याच्या दोन्ही हातांत शस्त्र आहे त्याला दुसरा वार फुकट मिळेल आणि त्यावर चर्चा होणार नाही. पहिल्या बैठकीत सर्वांना हायसे वाटले. दुसऱ्या बैठकीत दोन्ही हातांनी पेलायची मोठी तलवार घेतलेला फायटर (लढवय्या वर्गाचे पात्र) म्हणाला, "अहो, मग मी ही एवढी अवजड तलवार कशाला वागवतोय?" तिसऱ्या बैठकीत आमचा रोग (चोरट्या, चपळ वर्गाचे पात्र) दोन वार करून वर पाळीतली छोटी जादा कृती म्हणजे बोनस अ‍ॅक्शन वापरून दर पाळीला सुखरूप निसटू लागला. (या वर्गाचे नाव मराठीत उच्चारले की पंचाईत होते, "आमचा रोग पाचव्या पातळीवर गेला" हे वाक्य माडीवरून खाली ऐकू गेल्यावर घरमालकीणबाईंनी काळजीने चौकशी केली होती.) सवलत देण्यापेक्षा ती मागे घेणे अधिक अवघड असते, हे मला तेव्हा कळले. ज्यांनी अशी सवलत अजून दिलेली नाही त्यांनी ती देऊ नये, एवढेच मी सुचवीन.

मूळ नियम काय आहे

२०१४ च्या नियमांनुसार, आपल्या पाळीत अटॅक ही मुख्य कृती, म्हणजे अ‍ॅक्शन घेऊन एका हातात धरलेल्या 'लाइट' (हलके) गुणधर्माच्या जवळच्या लढाईतल्या शस्त्राने वार केला, तर दुसऱ्या हातातल्या वेगळ्या लाइट शस्त्राने आणखी एक वार करण्यासाठी बोनस अ‍ॅक्शन वापरता येते. या दुसऱ्या वाराच्या नुकसानीत सामर्थ्याचा किंवा चपळाईचा मॉडिफायर मिळवायचा नसतो. मात्र तो मॉडिफायर ऋण असेल तर तो धरावाच लागतो. दोहोंपैकी एखादे शस्त्र फेकण्याजोगे असेल, तर ते हातात ठेवून वार करण्याऐवजी फेकले तरी चालते. नियम एवढाच आहे, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'लाइट' नसून 'बोनस अ‍ॅक्शन' हा आहे, असे माझे मत झाले आहे.

एका पाळीत एकच बोनस अ‍ॅक्शन मिळते आणि तीही एखाद्या नियमाने, कौशल्याने किंवा मंत्राने दिली तरच मिळते. दुसऱ्या हातातले शस्त्र हे त्या एकमेव खात्यावर हक्क सांगणाऱ्या अनेक दावेदारांपैकी एक आहे. रेंजरला हंटर्स मार्क हा एका शत्रूवर खूण करून त्याला जादा नुकसान करणारा मंत्र टाकायचा असतो, रोगला निसटायचे किंवा लपायचे असते, बार्बेरियनला पहिल्याच फेरीत रेज (लढाईतला त्वेष) सुरू करायचा असतो, फायटरला सेकंड विंडने दम घ्यायचा असतो. आणि हे सगळे त्याच खात्यातून जाते. खेळाडू डाव्या हातातले शस्त्र पाहतो, ते त्याच्या पात्राच्या चित्रातही दिसते, म्हणून तो वार आपल्या मालकीचाच आहे अशी त्याची समजूत होते. प्रत्यक्षात तो वार दर पाळीला नव्याने विकत घ्यावा लागतो.

ही गोष्ट तोंडी सांगून पटत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून आम्ही प्रत्येक खेळाडूसमोर तीन वस्तू ठेवू लागलो: अ‍ॅक्शनसाठी एक सुपारी, बोनस अ‍ॅक्शनसाठी एक चिंचोका आणि रिअ‍ॅक्शनसाठी (दुसऱ्याच्या कृतीला द्यायच्या प्रत्युत्तरासाठी) एक कवडी. जे वापरले ते टेबलाच्या मध्यभागी सरकवायचे, आणि स्वतःची पाळी पुन्हा सुरू झाली की तिन्ही वस्तू परत घ्यायच्या. आता दुसऱ्या वारासाठी कोणी फासा उचलला की कोणीही नियम सांगत बसत नाही, फक्त "चिंचोका?" एवढेच विचारतो. चिंचोका आधीच मध्यभागी गेलेला असेल, तर खेळाडू स्वतःच फासा खाली ठेवतो. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे टोकन घेतले तरी चालतील, परंतु तिन्ही वस्तू हाताला वेगवेगळ्या लागल्या पाहिजेत, कारण एकसारखे टोकन तिसऱ्या फेरीपर्यंत एकमेकांत मिसळतात.

वहीतले प्रश्न आणि त्यांची उत्तरे

एकदा का हे खाते डोळ्यांसमोर आले, की वहीतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. अ‍ॅक्शन वापरून मंत्र टाकला आणि नंतर डाव्या हातातल्या सुरीने वार करायचा आहे, तर तो करता येणार नाही, कारण अटॅक ही अ‍ॅक्शन घेतलेलीच नाही आणि बोनस अ‍ॅक्शनचे दार तिच्यामुळेच उघडते. शत्रू जवळून पळू लागला आणि संधी साधून वार करायचा आहे, तर तो एकाच शस्त्राने होईल, कारण ती रिअ‍ॅक्शन आहे आणि बोनस अ‍ॅक्शन फक्त स्वतःच्या पाळीत वापरता येते. हल्ला राखून ठेवून "तो दारातून आत आला की मारीन" असे सांगितले, तरीही वार एकच होतो, आणि त्याचे कारणही तेच आहे. पाचव्या पातळीवर फायटरला किंवा रेंजरला एक्स्ट्रा अटॅक मिळाला म्हणजे दोन्ही हातांचे दोन-दोन वार झाले, ही समजूत तर इतकी पसरलेली आहे की तिचा वेगळा उल्लेख करतो: एक्स्ट्रा अटॅक सुपारीच्या खात्यातला वार वाढवतो, चिंचोक्याच्या खात्यातला वाढवत नाही, म्हणून पाचव्या पातळीवर एकूण वार तीन होतात, चार होत नाहीत.

मॉडिफायरचा घोळ मात्र वेगळा आहे आणि तो वाचनातल्या घाईमुळे होतो. 'मॉडिफायर मिळवायचा नाही' हे वाक्य फक्त नुकसानीबद्दल आहे. वार लागला की नाही हे ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशात मॉडिफायर आणि प्रोफिशियन्सी बोनस (शस्त्राच्या सरावाबद्दल मिळणारी भर) हे दोन्ही नेहमीप्रमाणे धरायचे असतात. आमच्या एका खेळाडूने जवळजवळ चार बैठका डाव्या हाताचा प्रत्येक वार कोणतीही भर न घालता टाकला आणि "हे दोन शस्त्रांचे काही खरे नाही" असे म्हणत राहिला. त्याची कॅरेक्टर शीट मी आधी तपासायला हवी होती. नुकसानीतही फक्त क्षमतेचा मॉडिफायर गळतो. जादुई शस्त्राचा अधिक एक, रोगच्या स्नीक अटॅकचे (संधी साधून केलेल्या वाराच्या जादा नुकसानीचे) फासे, हंटर्स मार्कचा सहा बाजूंचा फासा आणि सामर्थ्याच्या वारावर मिळणारी रेजची भर या सर्व गोष्टी दुसऱ्या वारालाही लागू होतात. फायटर किंवा रेंजरने टू-वेपन फायटिंग ही युद्धशैली निवडली असेल, तर गळलेला मॉडिफायरही परत मिळतो.

शस्त्रांच्या बाबतीत 'फिनेस' आणि 'लाइट' या दोन गुणधर्मांची गल्लत होते. रेपियर ही सडपातळ तलवार चपळाईने चालवता येते, म्हणून ती हलकी असणार असे वाटते, परंतु ती लाइट नाही. चाबूकही फिनेस आहे पण लाइट नाही. खंजीर, लहान हातकुऱ्हाड, हलका हातोडा, विळा, सोटा, आखूड तलवार आणि सिमिटर (वाकड्या पात्याची तलवार) ही जवळच्या लढाईतली लाइट शस्त्रे आहेत, आणि २०१४ च्या नियमांत दोन्ही हातांतली शस्त्रे या यादीतलीच असावी लागतात. ढाल हे दुसरे शस्त्र ठरत नाही. रिकामी मूठही नाही.

शस्त्र काढण्याचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पहिल्या फेरीत तोच सर्वांत जास्त वेळ खातो. २०१४ च्या नियमांत एका पाळीत एका वस्तूशी फुकट व्यवहार करता येतो, म्हणजे एकच शस्त्र म्यानातून निघते. म्हणून अचानक हल्ला झाला तर पहिल्या पाळीत दुसरा वार बहुतेक वेळा होतच नाही. आम्ही याबाबत सौम्य धोरण ठेवले आहे: पडक्या वाड्यात किंवा किल्ल्यावर शिरण्याआधी खेळाडूने "दोन्ही शस्त्रे हातात आहेत" असे स्पष्ट सांगितले असेल, तर ती हातात आहेत असे धरायचे, मात्र तसे सांगितले की त्याला मशाल धरता येत नाही. ही अट ऐकल्यावर बरेच जण एक हात मोकळा ठेवतात.

आकडे काय सांगतात

"दोन शस्त्रे घेऊन फायदा तरी काय?" हा प्रश्न नियमाचा नसून समाधानाचा आहे आणि तो टाळून चालत नाही. तिसऱ्या पातळीवर मॉडिफायर अधिक तीन धरला, तर दोन आखूड तलवारींचे दोन्ही वार लागल्यास सरासरी नुकसान १० होते आणि युद्धशैली घेतली असेल तर १३ होते. त्याच पातळीवर मोठ्या तलवारीचा एक वार सरासरी १० आणि तिच्या युद्धशैलीसह सुमारे ११.३ नुकसान करतो. म्हणजे सुरुवातीच्या पातळ्यांवर दोन शस्त्रे घेणारा तोट्यात तर नसतोच, उलट थोडा पुढेच असतो. पाचव्या पातळीवर चित्र पालटते: मॉडिफायर अधिक चार धरला तर आखूड तलवारींच्या तीन वारांचे युद्धशैलीसह २२.५ होतात, तर मोठ्या तलवारीच्या दोन वारांचे सुमारे २४.७ होतात. अकराव्या पातळीवर फायटरला तीन वार मिळतात, आणि मॉडिफायर अधिक पाच धरल्यास हाच हिशेब ३४ विरुद्ध ४० असा होतो. शिवाय मोठ्या तलवारीवाल्याचा चिंचोका अजून त्याच्या समोरच असतो. एक्स्ट्रा अटॅकने सुपारी दर वेळी अधिक मोलाची होत जाते आणि चिंचोक्याचा वार एकच राहतो, हे या घसरणीचे कारण आहे.

रोगची गोष्ट निराळी आहे आणि मला ती या विषयातली सर्वांत रंजक वाटते. स्नीक अटॅकचे फासे एका पाळीत एकदाच टाकता येतात, पण ते कोणत्या वारावर टाकायचे हे ठरलेले नसते. त्यामुळे पहिला वार हुकला तरी दुसरा वार ही दुसरी संधी ठरते. पाचव्या पातळीवरच्या रोगला वारावर अधिक सात मिळतात आणि गॉब्लिनचा एसी, म्हणजे वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा, १५ असतो, म्हणजे आठ किंवा अधिक पडले की वार लागतो आणि त्याची शक्यता ६५ टक्के असते. दोन वारांपैकी निदान एक लागण्याची शक्यता मात्र जवळपास ८८ टक्के होते. पाचव्या पातळीवर स्नीक अटॅकचे तीन फासे सरासरी १०.५ नुकसान करतात, तेव्हा एवढा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. किंमत अशी की दुसरा वार केल्यावर त्याच पाळीत निसटता येत नाही. म्हणून आमच्या रोगने एक चांगली सवय लावून घेतली आहे: तो आधी एकच वार करतो, तो लागला तर चिंचोका खर्चून निसटतो, आणि हुकला तरच डावा हात चालवतो. नियमांत याला पूर्ण मुभा आहे, कारण दुसरा वार करायचा की नाही हे पहिला वार झाल्यावर ठरवता येते.

रेंजरला हंटर्स मार्क आणि दुसरा वार या दोहोंतून निवड करावी लागते, आणि आमच्या वहीत सर्वाधिक वेळा आलेली तक्रार हीच आहे. पाचव्या पातळीवर, युद्धशैलीसह आणि अधिक चार मॉडिफायर धरून, ज्या पाळीत मार्क टाकला त्या पाळीत दोनच वार होतात व ते लागल्यास सरासरी २२ नुकसान होते. मार्क न टाकता तीन वार केले तर २२.५ होते. म्हणजे त्या पाळीत जवळजवळ काहीच गमवावे लागत नाही. पुढच्या पाळीपासून मार्क असलेल्या शत्रूवर तीन वारांचे ३३ होतात. खरी अडचण तेव्हा येते जेव्हा मार्क केलेला शत्रू मरतो, कारण मार्क दुसऱ्यावर हलवायलाही बोनस अ‍ॅक्शनच लागते. गॉब्लिनला सरासरी ७ हिट पॉइंट (जीवनबिंदू) असतात, ते एका-दोन वारांत आडवे होतात आणि रेंजर दर पाळीला मार्क हलवत बसतो. आमच्या रेंजरला मी आता एवढेच सांगतो की समोर ट्रोलसारखा एकच मोठा शत्रू असेल तर मार्क टाकावा आणि किरकोळ शत्रूंची झुंड असेल तर दोन्ही हात चालवावेत. त्यानंतर त्याची तक्रार थांबली.

वाद पुन्हा का उफाळतो

नियम एकदा समजावून झाल्यावरही दोन-तीन बैठकांनी कोणीतरी तोच मुद्दा काढतो, याचे कारण एकाच टेबलावर बसलेल्यांच्या डोक्यात वेगवेगळे नियम असतात. आमच्यातले एक ज्येष्ठ खेळाडू, ज्यांना आम्ही सर म्हणतो, ३.५ या जुन्या आवृत्तीवर वाढलेले आहेत. त्या आवृत्तीत दोन शस्त्रांनी लढणाऱ्याला कोणताही फीट (पात्रासाठी निवडायचे खास कौशल्य) नसेल आणि दुसरे शस्त्र हलके नसेल तर पहिल्या हाताला उणे सहा व दुसऱ्याला उणे दहा सोसावे लागत, आणि फीट घेऊन दुसऱ्या हातात हलके शस्त्र धरले की दोन्हींना उणे दोन एवढ्यावर ते येई. सरांचे "दोन वजा करा" हे तेथून आलेले आहे. पाचव्या आवृत्तीत असा कोणताही दंड नाही. "सर, तो दंड आता चिंचोक्यात भरला जातो," असे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना ते लगेच पटले, आणि खरे पाहता रचनाकारांनी केलेला बदल यापेक्षा थोडक्यात मला सांगता येणार नाही.

सर्वांत धाकटा खेळाडू 'बाल्डर्स गेट ३' या संगणकीय खेळातून आमच्याकडे आला. त्या खेळात आधी मुख्य हाताने वार न करताही बोनस अ‍ॅक्शन वापरून दुसऱ्या हाताचा वार करता येतो, त्यामुळे मंत्र टाकून मग सुरी चालवणे त्याला स्वाभाविक वाटे. त्याची चूक नव्हती. त्याने नियम बरोबर शिकला होता, फक्त तो दुसऱ्या खेळाचा होता.

तिसरे कारण कागदाचे आहे. ५.१ क्रमांकाचा मोफत नियमसंग्रह अनेक जण छापून आणतात, आणि त्यात दोन शस्त्रांचा मूळ नियम व युद्धशैली असली तरी ड्युअल विल्डर हा फीट नाही. तो २०१४ च्या छापील 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये आहे. त्याने लाइट नसलेली एकहाती शस्त्रेही दोन्ही हातांत चालवता येतात, एसी एकने वाढतो आणि एका वेळी दोन शस्त्रे काढता येतात. ज्याच्याकडे मोफत कागद आहेत त्याला असा फीट अस्तित्वातच नाही असे वाटते, आणि ज्याच्याकडे पुस्तक आहे तो त्याला अडाणी समजतो. शिवाय २०१४ च्या नियमांत फीट वापरणेच ऐच्छिक आहे. मोहीम सुरू करतानाच याविषयी एक ओळ लिहून ठेवावी.

चौथे आणि सध्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे २०२४ चे सुधारित नियम. त्यांत दुसऱ्या वाराचा नियम लाइट या गुणधर्मातच समाविष्ट केला आहे, प्रत्येक वारासोबत एक शस्त्र काढता किंवा ठेवता येते, आणि वेपन मास्टरी ही नवीन सोय आली आहे. तिच्यातला 'निक' हा प्रकार आपल्या विषयाच्या गाभ्यालाच हात घालतो: निक असेल तर लाइट शस्त्राचा जादा वार बोनस अ‍ॅक्शनऐवजी अटॅक अ‍ॅक्शनमध्येच धरता येतो, मात्र तो पाळीत एकदाच. आमच्या भाषेत सांगायचे तर दुसरा वार सुपारीतच मिळतो आणि चिंचोका शिल्लक राहतो. रेंजरचा मार्कचा पेच आणि रोगचा निसटण्याचा पेच येथे एका फटक्यात सुटतो. निक खंजीर, हलका हातोडा, विळा आणि सिमिटर यांना आहे, आखूड तलवारीला नाही. आणि तो वापरण्यासाठी पात्राला वेपन मास्टरी असावी लागते व त्या शस्त्राची निवड केलेली असावी लागते. निकचे शस्त्र पहिल्या हातात हवे की दुसऱ्या, यावर तासभर बोलता येईल, पण जादा वार निकच्याच शस्त्राने करावा, म्हणजे तो वाद उरतच नाही.

निकमुळे दुसरा वार दोनदा मिळतो का, एकदा अ‍ॅक्शनमध्ये आणि एकदा बोनस अ‍ॅक्शनने? नाही, कारण लाइट गुणधर्माचा जादा वार एकच आहे. निक फक्त तो कोणत्या खात्यातून जातो ते बदलतो. परंतु २०२४ चा ड्युअल विल्डर फीट स्वतंत्रपणे बोनस अ‍ॅक्शनचा एक वार देतो, म्हणून तो घेतलेल्या पाचव्या पातळीच्या फायटरचे चार वार होऊ शकतात, आणि ते नियमात बसते. दोन आवृत्त्यांची सरमिसळ करून निक २०२४ चा आणि फीट २०१४ चा घेणारा खेळाडू प्रत्येक गटात एक तरी असतो. त्याला प्रेमाने, पण ठामपणे नकार द्यावा.

दांडपट्टा आणि वाघनखे

हा भाग आमच्या मुलखाचा आहे, आणि येथे पुस्तकात उत्तर नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात पाहण्यासाठी ठेवली गेली, आणि ती पाहून आल्यावर आमच्या दोन खेळाडूंनी एकाच आठवड्यात पात्रांची शस्त्रे बदलायला मागितली. एकाला डाव्या हातात वाघनखे आणि उजव्या हातात बिचवा हवा होता. दुसरा लहानपणी तालमीत मर्दानी खेळ शिकलेला आहे. त्याला दोन्ही हातांत पट्टे हवे होते, कारण तसे फिरवताना त्याने प्रत्यक्ष पाहिले आहे.

वाघनखे सोपी होती. मी ती खंजिराप्रमाणे चार बाजूंच्या फाशाची, लाइट आणि फिनेस ठरवली, पण ती फेकता येणार नाहीत असे सांगितले. मिटलेल्या मुठीत ती दिसत नाहीत, म्हणून झडती घेणाऱ्याला ती सापडणे अवघड जाते, एवढी जादा सवलत दिली. बिचवा म्हणजे खंजीरच. ही जोडी मूळ नियमात चपखल बसते.

पट्ट्यावर मात्र बराच खल झाला. त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारे लोखंडी आवरण असते, पाते लांब आणि लवचिक असते, आणि मनगट बांधले गेल्यामुळे तो संपूर्ण हाताने, अंग फिरवून चालवावा लागतो. असे शस्त्र लाइट ठरवणे मला पटेना. मी तो आठ बाजूंच्या फाशाचा, एकहाती आणि लाइट नसलेला ठरवला. म्हणजे २०१४ च्या नियमांत दोन पट्ट्यांसाठी ड्युअल विल्डर फीट घ्यावाच लागतो. तालमीत शिकलेल्या खेळाडूचे यावर म्हणणे असे होते, "अरे, वर्षानुवर्षे मेहनत केल्याशिवाय दोन पट्टे कोणी फिरवत नाही, मग फीट लागला तर बिघडलं कुठं?" त्याने चौथ्या पातळीवर तो फीट घेतला. सोबत मी एक अट घातली, की पट्टा हातात असताना त्या हाताने दुसरे काहीही धरता येणार नाही आणि तो उतरवायला पूर्ण अ‍ॅक्शन लागेल. ही माझी घरची भर आहे, पुस्तकातली नाही. पण ती नसती तर पट्टा म्हणजे नुसती वेगळ्या नावाची तलवार झाली असती.

राहिला प्रश्न चकमकीच्या मध्येच चूक सापडली तर काय करायचे याचा. आम्ही मागे जात नाही. मेलेला गॉब्लिन मेलेलाच राहतो, त्या पाळीचे नुकसान तसेच ठेवले जाते, आणि पुढच्या पाळीपासून योग्य नियम लागू होतो. प्रश्न वहीत जातो आणि चहाच्या वेळी बघितला जातो. अपवाद फक्त एखाद्या खेळाडूचे पात्र त्या चुकीमुळे मरत असेल तर करायचा.

गेल्या बैठकीत दोन पट्टेवाल्याला दोर धरून बुरूज चढायचा होता आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लोखंडात अडकलेले होते. त्याने एक अ‍ॅक्शन खर्चून डावा पट्टा उतरवला, दोर धरला, आणि वर पोहोचल्यावर पट्टा पुन्हा न चढवता पाठीवरची ढाल घ्यायला आणखी एक अ‍ॅक्शन दिली. फीटचा एक एसी गेला पण ढालीचे दोन आले, आणि बुरुजावरची संपूर्ण चकमक त्याने एका हाताने लढली. त्याचा चिंचोका शेवटपर्यंत त्याच्या समोरच पडून होता, आणि उठताना त्याने तो चुकून खिशात घालून नेला.